मुठीचं माप

कापणीवाल्या बायकांची टोळी सकाळी रस्त्यानं आली, थोरल्या लोहाराच्या भट्टीसमोर जराशी रेंगाळली आणि रस्ता ओलांडून धाकट्याच्या पत्र्याखाली जाऊन बसली. थोरल्यानं तापलेलं लोखंड सांडशीत धरलं होतं. ते ऐरणीवर ठेवायचंच तो विसरला. लालभडक तुकडा काळा पडला तरी तो समोर बघत उभा.

"निवलं ते," भट्टीशी बसलेली त्याची बायको म्हणाली.

"दिसतंय मला."

त्याला काही दिसत नव्हतं. त्याला फक्त त्या बायका दिसत होत्या. बापाच्या वेळेपासून ही टोळी कापणीआधी याच भट्टीवर यायची. टोळीची पुढारीण, जिला म्हातारी माणसंसुद्धा आत्याच म्हणायची, ती इथल्या ओट्यावर बसून पाणी मागायची, विळे बोटानं वाजवून बघायची. आज ती समोरच्या फाटक्या पोत्यावर बसली होती आणि थोरल्याच्या भावजयीशी हसून बोलत होती.

दोघे भाऊ वेगळे होऊन वर्षही झालं नव्हतं. वाटणीत मोठी भट्टी, ऐरण आणि बापाचा घण थोरल्याकडे राहिला. धाकट्याला मिळाली रस्त्यापलीकडची शेड आणि रुळाचा एक तुकडा. त्या तुकड्यावरच तो ठोकाठोक करायचा. आणि हातही तसाच. लोखंड कधी करपवायचा, कधी अर्धकच्चं काढायचा. पात्याला पाणी देताना, म्हणजे तापलेलं पातं पाण्यात बुडवून कडक करताना, त्याचा अंदाज हमखास चुकायचा. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि म्हणूनच थोरल्याच्या पोटात जास्त दुखत होतं. आपल्याहून हुशार माणूस पुढं गेला तर एक वेळ सोसता येतं. ज्याला आपणच सांडशी धरायला शिकवलं, त्याच्या दारात गिऱ्हाईक बसलेलं बघायचं, म्हणजे जिवंतपणी आपला तेरावा बघण्यासारखं.

"आज संध्याकाळपर्यंत एक तरी परत येईल," तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला एकाएकी आठवलं की वाटणीआधीची लोखंड घासायची एक कानस धाकट्याकडे राहिली आहे. तसं त्याच्याकडे दुसऱ्या कानशी होत्या. पण कानस ती कानस. तो रस्ता ओलांडून गेला.

"या भाऊजी, बसा," धाकट्याची बायको, धाकटी, म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत चिखलानं माखले होते. समोर आत्या जमिनीवर उकिडवी बसली होती आणि धाकटीनं तिच्या हातात ओल्या मातीचा गोळा दिला होता.

"दाब," धाकटी सांगत होती. "कापताना दाबतेस तसा. लाजू नकोस."

"लाजायला मी काय नवरी आहे?" आत्या म्हणाली आणि तिनं गोळा असा दाबला की बोटांमधून माती बाहेर आली. धाकटीनं तो गोळा हलकेच काढून घेतला आणि भिंतीच्या कडेला वाळत ठेवला. तिथं असे पुष्कळ गोळे होते. प्रत्येकावर कुणाची तरी मूठ उमटलेली. धाकटा एक गोळा डाव्या हाताशी ठेवून तसली लाकडी मूठ तासत होता. त्यानं मान वर केली.

"दादा, काय हवंय?"

"कानस. तुझ्याकडे राहिलीय." मग थोरल्याला राहवेना. "खेळणी करायचा धंदा काढला का?"

"यंदा पीक खुजं आहे ना भाऊजी," धाकटी म्हणाली. "बायका म्हणतात, बोटं जमिनीला घासतात. म्हणून मूठ जरा वर उचलायची म्हणतोय."

पाऊस ऐन भरात पाठ फिरवून गेला होता हे खरं. गहू गुडघ्यालाही लागत नव्हता. त्यात चाऱ्याची टंचाई, म्हणून शेतमालकांचा हुकूम होता की काडी बुडख्यातून कापा, मागं काही ठेवू नका. हे थोरल्यालाही माहीत होतं. पण पीक खुजं झालं म्हणून विळ्यानं का बदलावं, हे त्याला कळेना. विळा तो विळा. त्यानं कानस घेतली आणि निघाला. मागं बायका कशावर तरी हसल्या. आपल्यावरच हसल्या असणार, असं त्यानं पक्कं धरलं.

बाजारपेठेत एक रंगारी होता. थोरल्यानं त्याच्याकडून मोठी पाटी रंगवून आणली. वर दोन विळे, मधे ज्वाळा आणि खाली जाड अक्षरात: 'खरी लोहारकी येथेच. बापजाद्यांचं पाणी.' 'खरी' या शब्दाखाली रंगाऱ्यानं दोन रेघा ओढल्या होत्या, त्या धाकट्याच्या शेडमधून सरळ दिसतील अशी पाटी लावली. मग सायकलला भोंगा बांधून तो स्वतःच दोन वाड्यांवर फिरून आला. "विळा नव्हे, वीज! दगडावर मारा, धार जाणार नाही! विळा नव्हे, वीज!" ओरडून ओरडून त्याचा घसा बसला.

पाटी वाचून दोन माणसं आली. एकाला कुलपाची किल्ली करून हवी होती. दुसरा पाटी कुणी रंगवली ते विचारायला आला होता.

तिसऱ्या दिवशी मात्र आत्या स्वतः आली. ओट्यावर बसली, पाणी प्याली. थोरल्याचं काळीज सुपाएवढं झालं. त्यानं आतून आपला सगळ्यात चांगला विळा आणला आणि ऐरणीच्या कडेवर खणखणवला.

"ऐक, नुसता आवाज ऐक. दगडावर मारलास तरी दात पडणार नाही."

"आम्हाला दगड कापायचे नाहीत रे," आत्या म्हणाली. तिनं आपला उजवा हात पुढं केला. चारही बोटांच्या पेरांवरची कातडी निघाली होती. "हे बघ. बांधाकडेच्या एका पट्ट्यात ही गत. तुझा विळा बोटं जमिनीवरून ओढत नेतो."

"त्याला मी काय करू? पीक वाढलं नाही तो माझा दोष?"

"तुझा दोष नाही. पण धाकटीचा विळा हाताला बसतो. फक्त त्याची धार दोन दिवसांत जाते. तुझं पाणी आणि तिची मूठ एका विळ्यात आली, तर आम्ही रस्ता तरी कशाला ओलांडू? टोळीला अजून निम्मे विळे घ्यायचेत. बाजाराच्या दिवशी घेणार. बघ तुला काय सुचतं ते."

ती गेली. थोरल्यानं यातलं एकच वाक्य धरून ठेवलं. धाकटीचा विळा हाताला बसतो. म्हणजे तिच्या विळ्यात काहीतरी खुबी आहे. ती खुबी हातात आली की झालं, मग धाकट्याचं कच्चं लोखंड घ्यायला कुत्रं फिरकणार नाही. टोळी परत आपल्या ओट्यावर. आत्याच्या बोटांचा विचार त्याच्या मनात आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, पण जळफळणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं जेवढं ताट दिसतं तेवढा हात दिसत नाही.

आणि खुबी त्याच्या घरातच सापडली.

मागच्या पडवीत गवताचा भारा होता. म्हशीला टाकायला म्हणून त्यानं पेंढी ओढली, तर आतून विळा खाली पडला. नवा कोरा. पाणी कच्चं, ठोक्यांचे खड्डे तसेच राहिलेले, म्हणजे धाकट्याच्या हातचा. थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"हा कुठून आला?"

बायको चुलीपुढून उठून आली. तिच्या मागं धूर आला. "धाकटीनं दिला."

"लोहाराच्या घरात दुसऱ्या लोहाराचा विळा! लोकांनी काय म्हणायचं? आणि तो भाऱ्यात लपवून ठेवतेस?"

"लपवला म्हणूनच लोकांना दिसला नाही," ती म्हणाली. मग आवाज खाली करून, "माझ्यासाठी केलाय तिनं."

"तुझ्यासाठी! आपल्या घरात विळ्यांचा दुष्काळ पडलाय का?"

ती आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली. त्या हाताच्या अंगठ्यावर आणि पहिल्या बोटावर जुन्या चिरांचे पांढरे वण होते, एकावर एक. लग्न झाल्यापासून दर हंगामाला टोळीबरोबर कापणीला गेली की ती तिथं कापून घ्यायची आणि दर हंगामाला थोरला म्हणायचा, वेंधळी आहेस. आताही तो तेच म्हणाला असता, पण त्याचं लक्ष विळ्याकडे गेलं होतं.

मुठीपाशी पातं वाकवून मूठ वर उचलली होती, ते ठीकच. पण धार! धार दुसऱ्याच अंगाला लावलेली. आपण लावतो त्याच्या बरोबर उलट. आणि मुठीचा बाकही उलटा. थोरल्यानं तो विळा उन्हात नेऊन फिरवून फिरवून बघितला. त्याचा राग कुठल्या कुठं गेला. तर हे होतं होय! वर्षानुवर्षं सगळे लोहार एका अंगाला धार लावत आले आणि ह्या कालच्या पोरीला दुसरं अंग सुचलं. मनातल्या मनात त्यानं धाकटीला शिव्या दिल्या आणि त्या शिव्यांत थोडं कौतुकही होतं, ते त्याला जास्तच झोंबलं.

त्यानं विहिरीकडेच्या गवतात बसून स्वतः कापून बघितलं. बोटं सरळ मातीत गेली आणि पातं गवतावरून वर सटकलं. पुन्हा तेच. त्यानं पेरांवरची माती झाडली आणि विचार केला, बाईमाणसाचं हत्यार आहे. पुरुषाच्या हातात कसं बसेल? बाईच्याच हातानं पारखायला हवं. हा विचार सुचल्याबद्दल त्याला स्वतःचं भारी कौतुक वाटलं.

"इकडे ये," त्यानं बायकोला हाक मारली. "काप बघू इथलं."

ती आली. तिनं विळ्याकडे पाहिलं, नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग पदर खोचला, विळा डाव्या हातात घेतला, उजव्या हातात गवताची मूठ धरली आणि कापायला लागली. सरसर, सरसर. विळा जमिनीवरून पाण्यासारखा चालला होता. थोरला गाल जमिनीला टेकेल इतका वाकला होता आणि फक्त बुडखे बघत होता. सगळे एका पातळीत कापलेले, मातीपासून अर्ध्या बोटावर.

"वा!" तो म्हणाला. "वा रे वा!"

तिचा हात थांबला. त्याच्या तोंडून आपल्या कामाला 'वा' तिनं बहुधा पहिल्यांदाच ऐकलं. तिनं वळून पाहिलं, तर तो बुडख्यांशीच बोलत होता.

दुसऱ्या दिवसापासून भट्टी पेटली ती बाजाराच्या आदल्या दिवसापर्यंत विझली नाही. थोरल्यानं चांगल्या पोलादाच्या पट्ट्या काढल्या. तापव, ठोक, बाक दे, पुन्हा तापव. घणाच्या दणक्यानं त्याचे खांदे भरून आले, छातीवर ठिणग्यांचे चटके उठले. उन्हानं पत्रा तापलेला, खाली निखारे, अंगातलं पाणी आटून लघवीला जळजळ व्हायला लागली. बायको भट्टीचा पंखा फिरवत होती. दांडा उजव्या हाताला होता. थोड्या वेळानं तिचा हात मंदावला की तो खेकसायचा, "वारा! वारा कुठाय?" आणि ती पुन्हा जोर लावायची.

"अहो," एकदा ती म्हणाली, "हा विळा सगळ्यांना चालायचा नाही."

थोरल्यानं घण खाली ठेवला. "धाकटीनं पढवलंय का तुला?"

"तिनं कशाला पढवावं? मी सांगते."

"तू कुणाच्या घरात खातेस? तिचा माल खपावा असं तुला का वाटतं? मला एवढंच सांग."

तिनं पंखा फिरवला. समोरच्या शेडमधून धाकटा ठोकत होता, त्याचे ठोके बेतालच. त्या ठोक्यांवर आपला ठोका चढवावा म्हणून थोरला उगाच जोरात मारत राहिला.

बाजाराच्या दिवशी त्यानं पोतं अंथरलं आणि टोपली ओतली. विळे असे चमकले की शेजारचा दोरवालासुद्धा उठून बघायला आला. "बायकांचा विळा!" थोरला बसक्या घशानं ओरडायला लागला. "खास बायकांच्या हातासाठी! हाताला बसतो, धार जात नाही! बायकांचा विळा!"

आत्या टोळी घेऊन आली. तिनं एक विळा उचलला, पातं बोटानं वाजवलं आणि मान डोलावली. मुठीपाशी उचललेलं पातं बघून तर ती हसलीच.

"सुचलं म्हणायचं तुला. पोरींनो, या गं."

बाजाराच्या कुंपणाला वाळकं गवत होतं. आत्या तिथं बसली आणि तिनं विळा ओढला. तिची आधीच सोललेली बोटं खडीत घुसली. "आई गं!" तिनं हात झटकला. पुन्हा धरून ओढला. पातं वर सटकलं आणि गवत नुसतं वाकून पुन्हा उभं राहिलं. दुसरीनं ओढून बघितलं. तिसरीनं बघितलं. तिसरीच्या बोटातून रक्त आलं. भोवती माणसं जमली होती, ती हसायला लागली.

"वीज आहे ती, हात लावू नका!" कुणीतरी मागून म्हणालं.

थोरल्याची कानशिलं तापली. "कापता येत नाही तुम्हाला! नाचता येईना अंगण वाकडं! माझ्या घरी बाईनं कापलंय ह्यानं. मी डोळ्यांनी बघितलंय."

"जन्म गेला कापण्यात आणि आम्हाला येत नाही?" आत्या उठली. तेवढ्यात टोळीतल्या एका हसऱ्या पोरीनं गंमत म्हणून विळा डाव्या हातात घेतला आणि वेडावाकडा ओढला. गवताची जुडी अलगद तिच्या हातात आली. ती बघतच राहिली. मग तिनं पुन्हा ओढला. पुन्हा जुडी आली.

हसणं थांबलं. आत्यानं विळा तिच्याकडून घेतला, पात्याची धार बघितली, बाक बघितला.

"अरे, हा डावऱ्या हाताचा विळा आहे," ती म्हणाली. "सगळी टोपली डावरी? कशावरून केलास हा?"

"धाकटीच्या..." थोरला बोलून गेला आणि जीभ चावली. पण सुटलेला शब्द सुटला होता. दोरवाला परत आपल्या जागेवर जाऊन बसला आणि दोऱ्या नीट लावायला लागला.

"तिचा विळा चोरून बघितलास होय," आत्या म्हणाली. रागानं नाही, दमल्यासारखी. "अख्ख्या टोळीत डावरी बाई एकच. तिच्यासाठी केला होता तो धाकटीनं."

"कोण?" थोरल्यानं विचारलं.

आत्यानं त्याच्याकडे नीट बघितलं.

"तू मला विचारतोस?"

आणि मग त्याला कळलं. कळलं तरी विश्वास बसेना. त्यानं विहिरीकडेचं गवत आठवलं, एका पातळीतले बुडखे आठवले, सरसर आवाज आठवला. विळा कुठल्या हातात होता ते काही केल्या आठवेना. इतकी वर्षं ती त्याला वाढत होती, भट्टीला वारा देत होती, कापणीला जाऊन बोटं चिरून येत होती, आणि तिचा कुठला हात कामाचा, हे लोहार असून त्याला सांगता येत नव्हतं.

"दिव्याखाली अंधार," आत्या म्हणाली. "सुलटे करून आण. तुझ्या पाण्याला तोड नाही, हे मी आजही म्हणते. पण आधी एकदा येऊन बस आमच्यात. हात बघ आमचे." टोळी निघून गेली. कुणीही विळा घेतला नाही.

तो टोपली डोक्यावर घेऊन भर दुपारी घरी आला. धाकट्याच्या शेडवरून जाताना त्यानं मान वळवली नाही. बायको पडवीत म्हशीसाठी गवत बारीक करत होती. विळा डाव्या हातात होता. तो दारात उभा राहून बघत राहिला. तिला सावली जाणवली. तिनं वर बघितलं आणि सवयीनं विळा चटकन उजव्या हातात घेतला.

"राहू दे," तो म्हणाला. "त्याच हातात राहू दे."

ती समजली. तिनं टोपलीकडे बघितलं. जेवढी भरून गेली होती तेवढीच भरलेली.

"सांगायचं नाहीस?" त्यानं टोपली आदळली.

"सांगितलं की. माझ्यासाठी केलाय म्हटलं. सगळ्यांना चालायचा नाही म्हटलं."

"डावरी आहे असं कुठं म्हणालीस?"

"ते काय सांगायचं असतं? तुमच्यासमोरच तर असते."

"धाकटीला बरं सांगितलंस!"

"नाही सांगितलं," ती म्हणाली. "तिनं विचारलं."

धाकट्याच्या दारात टोळी बसली तेव्हा पोटात दुखलं होतं, ते या दुखण्यापुढं काहीच नव्हतं. गिऱ्हाईक गेलं ते गेलं. पण आपल्या बायकोला आपल्याआधी दुसऱ्या कुणी विचारावं, आणि तेही त्या चिखलात हात घालणाऱ्या पोरीनं! थोरल्याला भावजयीचा असा मत्सर वाटला की डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "टाक तो फेकून. मी करतो तुला. माझ्या पाण्याचा."

तिनं टोपलीकडे बघितलं आणि तिला हसू फुटलं. आधी पदराआड, मग ते पदरात मावेना. "टोपलीभर केलेत की," ती म्हणाली. "जन्मभर पुरतील मला."

त्याला हसता आलं नाही. तो टोपलीशेजारी बसला आणि एकेक विळा काढून मुठी ठोकून वेगळ्या करायला लागला. पाती परत तापवायची, बाक उलटा करायचा, धार घासून दुसऱ्या अंगाला आणायची. केलेलं सगळं काम पहिल्यापासून. तीही उठली, निखारे चाळवले आणि पंख्यापाशी जाऊन बसली. त्यानं पहिलं पातं विस्तवात घातलं, पण वारा मागायला तोंड उघडलं नाही. मग तिच्याकडे न बघता त्यानं विचारलं,

"तुला काय हवंय?"

"कशाला?"

"असंच. विचारतोय."

तिनं उजव्या खांद्यावरून हात फिरवला. "हा दांडा या बाजूला आहे ना," ती म्हणाली. "उजव्यानं फिरवून खांदा जातो. दुसऱ्या बाजूला घेता आला तर."

तो उठला. पाना आणला, गंजलेला नट तेल सोडून मोकळा केला, दांडा काढला आणि पलीकडच्या बाजूनं घट्ट बसवला. काम अगदीच थोडं होतं. एवढंसं काम इतकी वर्षं राहिलं होतं. ती पलीकडे सरकून बसली, डाव्या हातानं तिनं दांडा धरला आणि फिरवला. भट्टीतून अशी ज्वाळा उठली की थोरला दोन पावलं मागं सरला.

"धाकटी म्हणाली होती, मी सांगते भाऊजींना," ती पंखा फिरवता फिरवता म्हणाली. "मीच नको म्हटलं. म्हटलं, विचारतील कधीतरी."

थोरल्यानं लाल झालेलं पातं बाहेर काढलं आणि ऐरणीवर ठेवलं. म्हणजे बायको आपल्या विचारण्याची वाट बघतेय, हेही धाकटीला आपल्याआधी माहीत होतं. त्यानं घण उचलला, पण पहिला ठोका मारण्याआधी त्यानं एकदा तिच्या डाव्या हाताकडे बघितलं.